वाचक विचारतात: फुकटातलं डिझाईन आणि दोन लिपींची कसरत

प्रश्न: मी एका सौहार्द (सहकारी) सोसायटीत पीआरओ आहे, म्हणजे पत्रकं, शुभेच्छांच्या पोस्ट, वार्षिक सभेचा बॅनर सगळं माझ्याच गळ्यात. डिझायनरला पैसे द्यायला संचालक तयार नाहीत. कॅनव्हा या डिझाईनच्या ॲपात मराठी जमतंय, पण कन्नड मजकूर पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. दुसरं काय वापरू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, कॅनव्हा सोडू नका, दोष त्याचा नाहीच. ज्यांनी कन्नड टाईप करून दिलं त्यांनी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात दिलं असणार, आपले डीटीपीवाले मराठी श्रीलिपीत देतात तसंच, त्यात पडद्यावर कन्नड दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट बदलला की सोंग उघडं पडतं. मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा, वाचता आला तर युनिकोड (कुठल्याही फोनवर तशीच दिसणारी अक्षरं) आहे, नाहीतर परत टाईप करून मागा.

आता फॉन्ट. दोन्ही लिपी एका घराण्यातल्या घेतल्या की पोस्टर एकदम बरं दिसतंय बघा. बालू २ देवनागरीला आणि बालू तम्मा २ कन्नडला, किंवा ‘अनेक देवनागरी’ आणि ‘अनेक कन्नड’ (‘अनेक’ हे फॉन्टचं नावच आहे), सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट. कॅनव्हाच्या फुकट खात्यात स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही, म्हणून यादीत जे मिळेल ते घ्या, अगदी हाच पाहिजे असेल तर कॉम्प्युटरवर इंकस्केप हे डिझाईनचं सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट, नेट नसलं तरी चालतंय, फक्त हात बसायला वेळ लागतो. आणि ओळींत जागा जास्त सोडा. मराठीत वेलांट्या-मात्रा वर जातात, कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, ‘अध्यक्षरु’ एवढं लिहिलं तरी दोन ठिकाणी खाली लोंबतं आणि खालच्या मराठी ओळीच्या डोक्यावर आपटतं. कुठली भाषा वर ते मी सांगणार नाही, ते संचालकांनी बघावं!

बॅनर ६ बाय ३ फुटांचा असेल तर कॅनव्हात १८ बाय ९ इंचाचं पान घ्या, म्हणजे चौथा हिस्सा, आणि पीडीएफ प्रिंट काढा. ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) चौपट मोठं केलं की ७५ उरतं, लांबून बघायच्या बॅनरला तेवढं पुरतं. फुकट खात्यात रंग आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच निघतात, झगमगीत निळा-हिरवा छापल्यावर मळका येतो, तेव्हा आधी छोटा तुकडा छापून बघा. कापडावर छापायला सांगा, प्लास्टिक फ्लेक्सला कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे (चौकाचौकात काय लटकतंय ते आपण सगळे बघतोच की).

प्रश्न: दवाखान्याच्या शिबिराची बातमी आम्ही छान पोस्टर करून पेपरांना पाठवतो, लोगो, नावं सगळं फोटोवरच. छापूनच येत नाही.
– एक वाचक, निपाणी

उत्तर: कशी येईल ओ? पोस्टर फेसबुकला. उपसंपादकाला कोरा फोटो लागतो, लोगोवाला तो बाजूलाच ठेवणार. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीसारखा पाठवला की बारीक होऊन जातो. चेहरे काळे आले असतील तर स्नॅपसीडमध्ये सावल्या उजळा, हे गूगलचं ॲप फुकट आहे, पण उजळताना माणूस पीठ लावल्यासारखा दिसायला लागला की थांबा. डावीकडून कोण कोण बसलंय ते खाली टाईप करा, बातमी पण युनिकोडात टाईप करूनच द्या, लेटरहेडचा फोटो काढून पाठवला तर त्यांना सगळं परत टाईप करावं लागतं आणि संध्याकाळी तेवढा वेळ कुणाला आहे.

प्रश्न: जुन्या डिझायनरने पीएसडी फाईल दिली आहे, फोटोशॉप नाही. विकत घ्यावं का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: एका फाईलसाठी नको. फोटोपी ही वेबसाईट ब्राउझरमध्ये उघडा, जाहिराती दिसतात पण फुकट आहे, लेयरसकट फाईल उघडते, तारीख आणि पाहुण्यांचं नाव बदला की झालं. मूळ फॉन्ट नसेल तर अक्षर बदलेल तेवढं बघा. आणि तुमची संस्था नोंदणीकृत सेवाभावी असेल तर कॅनव्हा अशा संस्थांना प्रो (पैसे भरून मिळणारं खातं) फुकट देतं, नोंदणीची कागदपत्रं लावून अर्ज करून बघा, सोसायटी-बँकांना मात्र ते लागू नाही.