संधिवातातला थकवा आणि मांड्यांची ताकद

ताई, आमवाताचं (म्हणजे रुमेटॉइड संधिवाताचं) निदान नवीन आहे आणि सांधे बरे असूनही जिना चढताना पाय भरून येतात, हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. या आजारातली सूज सांध्यांपुरती थांबत नाही, ती स्नायूही झिजवते. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते. त्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड बरेच दिवस चालू असेल तर मांड्या आणि खांदे आधी कमजोर होतात. मग तेच काम करायला जास्त जोर लागतो आणि दुपारपर्यंत माणूस गळून जातो.

स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून उठा, सावकाश बसा. सुरुवातीला पाच वेळाही पुष्कळ झालं, रोज नको, एक दिवसाआड करा. दुसऱ्या दिवशी जास्तच गळाल्यासारखं वाटलं तर संख्या कमी करा. सांधे सुजलेले, गरम असतील त्या दिवसांत जोर लावू नका, नुसती हालचाल ठेवा.

खाण्याकडेही बघा. पातळ वरण-भातात प्रथिनं फार थोडी असतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. केस विंचरताना हात वर उचलत नसतील तर सीपीके या स्नायूंच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. आणि स्टिरॉईड मनाने बंद करू नका, कितीही वाटलं तरी.