फिन म्हणजे पंख की कंगोरा?

प्रश्न असा आला आहे: शीतकरण यंत्रांवरच्या मराठी टिपणात ‘हॉरिझॉन्टल इंटिग्रल-फिन ट्यूबवरील कंडेन्सेशन’ याला ‘क्षैतिज पंखयुक्त नलिकेवरील संघनन’ म्हटले तर चालेल का?

‘संघनन’ (वाफेचा द्रव होणे) चालेल. भूगोलवाले ‘सांद्रीभवन’ म्हणतात, अर्थ तोच. ‘द्रवीभवन’ मात्र नको, कारण मेण वितळले तरी त्याचे द्रवीभवनच होते. ‘क्षैतिज नलिका’पेक्षा ‘आडवी नळी’ बरी. खरी अडचण ‘पंख’ची आहे.

इंग्रजीत ‘फिन’ हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवर ॲल्युमिनियमची पातळ पाती दिसतात. मेकॅनिक ‘फिन्स वाकल्यात’ म्हणतो ते त्यांच्याबद्दल. तिथे वायूचा द्रव होतो तो नळीच्या आत. बाहेरची पाती आहेत हवेसाठी, कारण हवा उष्णता फार सावकाश उचलते आणि तिला भरपूर पृष्ठभाग द्यावा लागतो. त्यांना पंख म्हणा, पाती म्हणा, काही बिघडत नाही.

मोठ्या इमारतींच्या चिलरमध्ये, म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलनाच्या यंत्रात, उलटी रचना असते. नळीच्या आतून पाणी वाहते आणि शीतकाची (यंत्रात उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याची) वाफ नळीच्या बाहेरच्या अंगावर द्रवरूप होते. या नळीवरच्या ‘फिन’ जेमतेम दीड मिलिमीटर किंवा त्याहूनही बुटक्या. इंचाला १९ किंवा २६, अशा दाटीने नळीच्याच धातूतून दाबून उठवलेल्या. यांना पंख म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर एसीची पाती येतात आणि त्याबरोबर ‘जितका पृष्ठभाग जास्त तितके चांगले’ हा हिशेबही. इथे तो हिशेब अपुरा पडतो.

वाफ थंड नळीवर निवली की तिचा पातळ थर जमतो, आणि पुढच्या वाफेची उष्णता त्या थरातूनच आत जाते. म्हणजे अडथळा तिने स्वतःच उभा केलेला. जर्मन अभियंता नुसेल्टने १९१६ साली याचे गणित मांडले. नळी आडवी का, याचेही उत्तर त्यातच आहे: २५ मिमी व्यासाची, एक मीटर लांबीची नळी आडवी ठेवली तर उभीच्या जवळजवळ दुप्पट काम करते, कारण द्रवाला मीटरभर ओघळावे लागत नाही, अर्धा घेर उतरला की तो ठिबकतो. पुढे १९४८ मध्ये बीटी आणि कॅट्झ यांनी फिनच्या नळ्यांचे गणित केले, पण केवळ गुरुत्वाकर्षण धरून. पृष्ठताणाची, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून घेणाऱ्या ओढीची, करामत ग्रेगोरिगने १९५४ मध्ये दाखवली. बाकदार शेंड्यावरचा द्रव पृष्ठताणामुळे खाचेकडे ओढला जातो, शेंड्यावर थर अतिशय पातळ राहतो, आणि लाभ वाढलेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणापेक्षाही जास्त होतो.

पण हाच पृष्ठताण नळीच्या खालच्या अंगाला, ओल्या कंगव्याच्या दातांत पाणी अडकावे तसा, खाचांमध्ये द्रव धरून ठेवतो. तेवढा भाग जवळजवळ वाया जातो. १९ मिमी व्यासाच्या नळीवर, कडा आयताकृती आणि खाच अर्ध्या मिलिमीटरची धरून हिशेब केला, तर ४० अंशांवरच्या आर-१३४ए या शीतकासाठी घेराचा तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग मोकळा राहतो. त्याच नळीवर १०० अंशांची पाण्याची वाफ आणली, तर सगळा घेर भरून जातो! पाण्याचा पृष्ठताण इथे शीतकाच्या जवळपास दहापट असतो. खाच दीड मिलिमीटर केली की पाण्यासाठीही निम्म्याहून थोडा जास्त घेर मोकळा होतो. म्हणजे नळी कुठल्या द्रवासाठी आहे हे ठरल्याशिवाय फिन किती दाट ठेवायच्या हे सांगता येत नाही, आणि निकाल लागतो तो दोन फिनांमधल्या फटीत.

म्हणून माझी पसंती ‘कंगोरा’ला. शब्द फारसीतून, तटाच्या दातेरी माथ्यावरून आलेला. कंगोरा म्हटला की उंचवटा आणि शेजारची खाच अशी जोडीच डोळ्यांपुढे येते, आणि तो वस्तूच्या अंगातूनच उठलेला असतो, वरून चिकटवलेला नसतो. ‘इंटिग्रल’ वेगळे सांगावे लागत नाही. खांबाचे कंगोरे उभे असतात आणि हे नळीभोवती फिरतात, हा आक्षेप रास्त आहे, पण मला तो अडत नाही. दिसण्यावरून खरे तर ‘आटे’ जास्त जवळचे, कारण या कडा बहुधा मळसूत्रासारख्याच फिरवलेल्या असतात. पण ‘आटे पाडलेली नळी’ म्हटल्यावर कोणीही प्लंबर तिला सॉकेट लावायला जाईल. ‘पक्ष’ हा माशांच्या वर्णनातला पारिभाषिक शब्द तिथेच राहू द्या.

बाकीचे शब्द घरचेच आहेत. द्रव खाली उतरून जाणे म्हणजे ‘निथळणे’, खाचेत अडून राहणे म्हणजे ‘तुंबणे’. ‘फ्लडिंग’ला ‘पूर’ लिहू नका. पूर वाहतो, हा द्रव तर हलत नाही. तेव्हा टिपणातले वाक्य असे होऊ शकेल: ‘आडव्या कंगोरेदार नळीवर संघनन होताना वरच्या खाचा निथळतात व खालच्या तुंबतात, कंगोऱ्यांमधले अंतर द्रवाच्या पृष्ठताणानुसार ठरवावे.’ पहिल्या उल्लेखाला शेजारी ‘फिन’ही लिहून टाका, म्हणजे कारखान्यातल्या माणसालाही ओळख पटेल.