आधी आईला विचारा, मग मुलाकडं वळा

"मॅडम, पोरगं एवढं घाबरतंय, त्याला समजवू तरी कसं?" 2019 च्या महापुरानंतर हे ऐकत होते, कोरोनात तर रोजच, म्हणून एकदा लिहितेच.

सांगलीवाडीच्या एक ताई (ओळख बदललीय), मुलगा सहा वर्षांचा. पुरात घर सोडून शाळेत राहिलेले, आणि सात-आठ महिन्यांत लॉकडाऊन. इस्लामपूरला पेशंट सापडले, टीव्हीवर आकडे सुरू झाले आणि हा उठल्या उठल्या विचारायचा, "आज किती फूट?" पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात, तेच ओ! आकडा ऐकला की त्याला पूरच वाटायचा. दप्तर उशाला घेऊन झोपायचा.

मी फोनवर खेळ सांगितले, गोष्टी सांगितल्या, फरक शून्य.

तेव्हा मी बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांबद्दल वाचत होते. 2017 पासून म्यानमारमधून 7 लाखांवर माणसं तिथं आली, निम्म्याहून जास्त मुलंच. कोरोनात तिथली शिकायची केंद्रं बंद पडली तेव्हा युनिसेफ आणि बाकीच्या संस्थांनी घरातल्या मोठ्यांनाच हाताशी धरून मुलांचं शिकणं चालू ठेवलं. आणि तिथल्याच ब्रॅक संस्थेनं 'पाशे आछी' म्हणजे 'मी जवळच आहे' अशी फोनसेवा काढली, वीस मिनिटांचा फोन, आधी आईची विचारपूस आणि मगच मुलाचा खेळ. मी क्रमच उलटा धरला होता!

पुढच्या फोनला म्हटलं, "ताई, त्याचं राहू दे. तुम्ही कशा आहात?"

बराच वेळ आवाजच नाही. मग, "पुरापासनं हे कुणी विचारलंच नाही ओ." खूप रडल्या. रात्री तीनदा उठून दार उघडून नदीकडं बघायच्या, आणि पोरगं अंथरुणात डोळे मिटून जागं असायचं.

आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी, त्यांना मी मानणारी, मूल आधी आईचा चेहरा वाचतं हे इतकी वर्षं सांगत आलेय, पण त्या दिवशी ते खरं कळलं. म्हणून आता प्रत्येकाला सांगते, आधी स्वतःची भीती कुणाजवळ तरी बोला, बातम्या दिवसातनं एकदाच बघा, "काही झालंच नाही" असं मुलाला सांगू नका, आणि खेळात त्यानं पूर आणला तर आणू द्या, अडवू नका. झोप-जेवण महिनाभर बिघडलेलंच राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

ताईंनी पुढं स्वतःच एक युक्ती काढली. दाराला पाठ लावून त्याला उभं करायचं, खडूनं रेघ मारायची.

"आई, आज किती फूट?"

"तीन फूट नऊ इंच."