नेदरलँड्सला कंपनी काढायला निघण्यापूर्वी

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पंप आणि मोटारींच्या कंपनांवरून बेअरिंग खराब होण्याची पूर्वसूचना देणारा सेन्सर तू बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील बाबांच्या वर्कशॉपमध्ये तयार केला आहेस आणि तो घेऊन, स्टार्टअप व्हिसावर आइंडहोवनला येऊन कंपनी काढावी असे तुझ्या मनात आहे. ‘काका, तिकडचे सरकार नव्या उद्योजकाच्या पाठीशी खरोखर उभे राहते का, की तेही जाहिरातीपुरतेच?’ असे तू विचारले आहेस. उभे राहते, मात्र तुला वाटते त्या जागी नाही, आणि जिथे ते उभे राहत नाही तिथेच नव्या माणसाची दमछाक होते. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी व्हिसाविषयी. हा परवाना २०१५ पासून दिला जातो आणि त्याची मुदत एकाच वर्षाची असते. तुझे उत्पादन नावीन्यपूर्ण आहे की नाही हे आरव्हीओ ही सरकारी संस्था तपासते, परंतु वर्षभर तुला मार्गदर्शन करण्याचे काम ती मान्यताप्राप्त ‘फॅसिलिटेटर’वर सोपवते. त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, त्याला तुझ्या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेता येत नाही, आणि वर्ष संपल्यावर स्वयंरोजगाराचा परवाना मागताना त्याचेच अनुकूल मत लागते. वर्षभराच्या निर्वाहाचे पैसे तू स्वतः दाखवायचे असतात. सरकार ते देत नाही. तेव्हा खरी कसोटी अर्जाची नसून फॅसिलिटेटरच्या निवडीची आहे. मान्यताप्राप्त मंडळींपैकी पुष्कळ जण सॉफ्टवेअरच्या जगातले आहेत आणि कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात त्यांची कोणाशी ओळख नसते. त्यांनी याआधी हाताळलेल्या एक-दोन संस्थापकांशी बोलल्याशिवाय सही करू नकोस.

कंपनी काढणे सोपे आहे. ‘बीव्ही’ म्हणजे आपली प्रायव्हेट लिमिटेड. तिच्यासाठी पूर्वी १८,००० युरोंचे किमान भांडवल लागत असे, ते २०१२ मध्ये रद्द झाले. नोटरीकडे दस्त आणि केव्हीके या व्यापार नोंदणी कार्यालयात नोंद झाली की काम झाले. यात फार काळ रमण्यासारखे काही नाही.

रमण्यासारखी आहे ती डब्ल्यूबीएसओ ही योजना, कारण सरकारने नवउद्योगाला कशी मदत करावी याचा इतका नीट विचार केलेली योजना मी दुसरी पाहिलेली नाही. ती १९९४ पासून चालू आहे. संशोधन-विकासावर खर्च होणाऱ्या वेतनाचा काही भाग सरकार वेतनकरातून, म्हणजे कंपनीने पगारांवर सरकारला भरायच्या करातून, वजा करू देते. २०२५ साली पहिल्या ३,८०,००० युरोंपर्यंतच्या खर्चावर हे प्रमाण ३६ टक्के होते आणि नव्या कंपनीसाठी ५० टक्के. यात कोणाची कल्पना जिंकेल हे सरकार ठरवत नाही, बक्षीस समारंभ नसतो, मंत्र्यांच्या हस्ते धनादेश नसतो. काम तांत्रिकदृष्ट्या नवे आहे का आणि ते तुम्ही स्वतः करत आहात का, एवढेच पाहिले जाते. प्रयोग फसला तरी सवलत परत मागत नाहीत. शिवाय अर्ज काम सुरू करण्याआधी करायचा असल्यामुळे किती आधार मिळणार हे खर्चाआधीच कळते. लहान कंपनीला रकमेइतकेच या निश्चितीचे मोल असते.

मात्र नोंदवही चोख लागते. कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या प्रकल्पावर किती तास घालवले हे तारीखवार लिहावे लागते. ‘मंगळवार, साडेतीन तास, कंपनांच्या सिग्नलमधील गोंगाट कमी करणारा फिल्टर, दुसरी चाचणी’ अशी नोंद चालते. ‘दिवसभर संशोधन’ ही चालत नाही. ग्राहकाशी बोलणे, माहितीपत्रक तयार करणे, जुन्याच पद्धतीने सर्किट जोडणे हे तास त्यात धरता येत नाहीत. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये हे सगळे एकाच माणसाच्या एकाच दिवसात घडते, त्यामुळे ही सवय तू आजपासूनच लावून घे.

याच योजनेत एक मेख आहे. सवलत वेतनकरातून वजा होते, म्हणजे कंपनीत पगारच दिला जात नसेल तर वजा कशातून करणार? आणि उलट बाजूने, कंपनीत मोठा हिस्सा असलेल्या संचालकाने स्वतःला वाजवी पगार दिलाच पाहिजे असा करनियम आहे. २०२५ साठी तो सर्वसाधारणपणे वर्षाला ५६,००० युरो धरला होता. संशोधन करणाऱ्या नव्या कंपन्यांना यात जी सूट होती ती २०२३ पासून बंद झाली. एका खात्याने हात द्यायचा आणि दुसऱ्याने खिशात हात घालायचा, हा प्रकार इकडेही आहे. कमी पगार मान्य करून घेण्याचे मार्ग आहेत, पण ते हिशेबनिसाकडून पहिल्याच महिन्यात समजून घे. नावीन्यातून झालेल्या नफ्यावर २५.८ ऐवजी फक्त ९ टक्के कर, ही सवलत तू पत्रात मोठ्या उत्साहाने लिहिली आहेस. तिचा फायदा नफा होणाऱ्यांना, म्हणजे बहुतांशी मोठ्या कंपन्यांना होतो. तुझ्या पहिल्या काही वर्षांच्या हिशेबात ती धरूच नकोस. त्यापेक्षा इनोव्हेशन क्रेडिटची चौकशी कर. ते कर्ज आहे, परंतु प्रकल्प तांत्रिक कारणाने फसला तर त्याची परतफेड माफ होऊ शकते.

आता सरकार जिथे कमी पडते तिकडे येतो. आइंडहोवन हे फिलिप्सचे गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सने मोठी नोकरकपात केली आणि १९९३ मध्ये डाफ ही ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा परिसरातील नगरपालिका, उद्योजक आणि तंत्रविद्यापीठ एकत्र बसले. त्या सवयीतून ब्रेनपोर्ट ही या परिसराची सहकार्य संस्था उभी राहिली. फिलिप्सने आपला संशोधन परिसर २००३ मध्ये इतर कंपन्यांना खुला केला. पण यशाचीही अडचण होते. २०२४ मध्ये एएसएमएल ही चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी इथली कंपनी देशाबाहेर पडेल या धास्तीने सरकारने अडीच अब्ज युरोंची ‘बेथोवेन’ योजना जाहीर केली आणि त्यातला पैसा कशासाठी होता ते पाहा: घरे, रस्ते, तंत्रशिक्षण आणि वीजजाळे. म्हणजे नव्या उद्योगाला नेमके जे हवे असते तेच इथे कमी आहे. भाड्याने घर मिळणे जिकिरीचे आहे, आणि वीजजाळ्यावर ताण असल्यामुळे मोठी जोडणी मागणाऱ्या नव्या कारखान्याला दीर्घ काळ थांबावे लागू शकते. तुला फक्त जुळणीचे टेबल आणि चाचणीची मोटार हवी आहे म्हणून तुझे निभेल. बाबांची संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे मात्र इकडे आणण्याचा विचार मनातून काढून टाक.

पहिला ग्राहकही सरकार आणून देत नाही. तरीही तुझ्या बाबतीत एक वाट दिसते. या देशात पाण्याचे व्यवस्थापन करणारी २१ जलमंडळे आहेत. त्यांचे प्रतिनिधी निवडून येतात, ती स्वतःचा कर गोळा करतात आणि त्यांच्या ताब्यात असंख्य पंपिंग स्टेशने आहेत. अमेरिकेने १९८२ च्या कायद्याने सरकारी खात्यांना छोट्या कंपन्यांचे संशोधन टप्प्याटप्प्याने विकत घ्यायला लावले, तीच कल्पना पुढे इकडेही आली. अनुदान घेतलेल्या कंपनीच्या हाती अहवाल उरतो. सरकारने खरेदी केली तर पुढच्या ग्राहकाला दाखवायला चालू पंप असतो. म्हणून एखाद्या जलमंडळाच्या मेंटेनन्स अभियंत्याने ‘सहा महिने लावून पाहतो’ असे लिहून दिलेले पत्र तुझ्या अर्जात कोणत्याही तक्त्यापेक्षा जड ठरेल.

आणि तोपर्यंत आपले गाव सोडायची घाई का? बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की हात जोडायचे आणि विषय संपवायचा अशी रीत आहे, पण त्यांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, तिचे पहिले प्राचार्य रसायनशास्त्रज्ञ गज्जर. त्याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू केली. १९०८ मध्ये महाराजांच्या पाठबळाने बँक ऑफ बडोदा निघाली. आधी हातात विद्या, पाठोपाठ भांडवल पुरवणारी संस्था. तू ज्या विद्यापीठात शिकलीस त्याच्या अभियांत्रिकी शाखेचे मूळ या कलाभवनातच आहे.

आजही तिकडे बरेच काही आहे. गुजरातचे विद्यार्थी स्टार्टअप धोरण २०१७ पासून आहे. स्टार्टअप म्हणून केंद्र सरकारची मान्यता घेतलीस तर पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सूट मिळते आणि सरकारी खरेदीत पूर्वानुभवाची व उलाढालीची अट शिथिल होऊ शकते. ‘एंजल टॅक्स’, म्हणजे गुंतवणूकदारांनी वाजवी किमतीपेक्षा जास्त दिलेल्या भांडवलावरचा कर, २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. बाबांना छळणारा प्रश्न वेगळा आहे, तो थकलेल्या बिलांचा. मोठ्या कंपनीने सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा. पण २०२३-२४ पासून, मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात वजा करता येत नाही, अशी तरतूद झाली तेव्हा कुठे त्याला दात आले. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून मोठ्या कंपनीला लहान कंपनीचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात. माझ्या मते स्टार्टअपच्या नावाने निघालेल्या निम्म्या योजनांपेक्षा हा एक नियम नवउद्योगाला जास्त जगवतो, कारण लहान कंपन्या बहुधा कल्पना संपली म्हणून बुडत नाहीत, रोकड संपली म्हणून बुडतात.

तेव्हा माझा सल्ला असा की प्रोटोटाइपची चाचणी बडोद्यातच, बाबांच्या ओळखीच्या दोन-तीन कारखान्यांतील पंपांवर पूर्ण कर आणि नेदरलँड्सला विक्रीसाठी ये, संशोधनासाठी नव्हे. युरोपात वायरलेस उपकरण विकायला सीई चिन्ह, म्हणजे तिथले नियम पाळल्याची खूण, लागते, आणि इंटरनेटला जोडलेल्या उत्पादनांसाठीचा नवा सायबर सुरक्षा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्याचा खर्च आजच योजनेत धर.

निघण्याआधी दोन कामे मात्र चुकवू नकोस. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आपल्या शोधाचे पेटंट परदेशात मागायचे असेल तर एक तर पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते, नाही तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. शोध मकरपुऱ्यात लागला आहे, म्हणून तू विमानात बसलीस तरी हा मुद्दा हलक्यात घेऊ नकोस. दुसरे, डच कंपनीत भारतातून भांडवल घालणे ही परदेशात केलेली थेट गुंतवणूक ठरते. ती बँकेमार्फत, २०२२ च्या नियमांनुसार नोंदवूनच करावी लागते. घरखर्चाचे म्हणून पाठवलेले पैसे नंतर भागभांडवलात दाखवता येत नाहीत. रावपुऱ्यातील तुमच्या सीएंनी हे काम पूर्वी केले नसेल तर ते केलेला दुसरा शोध. ही दोन्ही कामे मार्गी लागली की फॅसिलिटेटरला पाठवायचा मसुदा मला पाठव. जलमंडळातील कोणत्या विभागाशी बोलायचे ते आपण त्यानंतर ठरवू.