गूळ दुबईला, तेल नेपाळहून: व्यापार करारात आपल्या पदरात काय पडतं?

प्रश्न (करवीर, कागल): अमिरातीशी करार झाल्यानं आमचा गूळ तिकडं शुल्काविना जातो का? आणि सोयाबीनचा भाव अशाच करारांनी पडतो का?

उत्तर: अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. मालाच्या जागतिक वर्गीकरणात (एचएस) गूळ १७०१ या शीर्षाखाली येतो. पूर्ण एचएस कोड खरेदीदाराकडून लेखी घ्या आणि त्यावर तिथलं नेहमीचं शुल्क किती, करारातलं किती हे विचारा. तिथं बहुतेक मालाला नेहमीचंच शुल्क ५ टक्के, काहींना शून्य. शून्यच असेल तर करारानं जादा काही मिळत नाही.

फरक असेल तर सवलत उत्पत्ती प्रमाणपत्रावरच, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या दाखल्यावरच मिळते. आधी आयईसी (आयात-निर्यात कोड) काढा, मग विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज करा. बिल, प्रमाणपत्र आणि जहाजाच्या कागदांवर कोड, वजन, नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. इथंच माल अडकतो.

करारानं शुल्क कमी होतं, तपासणी नाही. हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) घातलेला गूळ पिवळाधमक दिसतो, पण साठवणीत काळपट पडतो आणि त्यात सल्फर डायऑक्साईड राहतो. आपल्याकडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे; खरेदीदार देशाची वेगळी विचारा. काहिलीत रस निवळायला रानभेंडीच वापरा. साखर मिसळू नका: २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं ‘कोल्हापूर गूळ’ हे नाव अशा मालाला लावता येत नाही. शुद्ध मालालाही ते लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

सोयाबीनचं कोडं वेगळं: बाहेरचं तेल स्वस्तात आलं की सोयाबीनचा भाव दबतो. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क ३० मे २०२५ ला २० वरून १० टक्क्यांवर आलं. तो सरकारचा स्वतःचा निर्णय, करार नव्हे. करारातली खरी फट नेपाळला दिलेल्या व्यापार सवलतीत आहे. तिथल्या कारखान्यात परदेशी कच्चं तेल शुद्ध होतं आणि आपल्याकडं शुल्काविना येतं. अशा पळवाटांसाठी २१ सप्टेंबर २०२० पासून आयातदाराला मालाच्या उत्पत्तीची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते. ही तपासणी कडक झालीच पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तोवर काढणीच्या गर्दीत विकू नका. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर खरेदी केंद्रावर माल परत येतो. थांबायचं असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा: किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने.