रंगवलेलं सोन्याचं नाणं

प्रश्न : जुन्या ब्रिटिश सॉव्हरिनवर निळा-लाल रंग चढवला आहे, कडेला कडी काढल्याची खूण दिसते. नाणं खरं आहे का? किंमत येईल का?

उत्तर : रंग खरवडू नका. थोडा वेळ अ‍ॅसिटोनमध्ये ठेवा. साधा रंग सुटेल, भट्टीत भाजलेला मीना (काचेसारखा रंगीत थर) सुटणार नाही. मग वजन करा : ७.९८ ग्रॅम हवं, व्यास २२.०५ मिलिमीटर. दोऱ्याने काट्याला टांगून, पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. वजन साधारण ०.४५ ग्रॅमने घटायला हवं. घट बरीच जास्त असेल तर धातू हलका, म्हणून संशय घ्या. मात्र कडेचं डाक (कडी जोडायला वितळवून लावलेला धातू) आणि मीना हेही आकडे बिघडवतात. खरं निघालं तरी संग्राहक डाकाची खूण माफ करत नाहीत, नाण्यातल्या ७.३२ ग्रॅम शुद्ध सोन्याचाच भाव धरा. जुना, नाजूक मीना अखंड असेल तर तो मुळीच काढू नका, त्याला वेगळे चाहते असतात.