पीएचडीनंतर रुग्णालयाच्या लॅबमध्ये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जीवरसायनशास्त्रातली माझी पीएचडी संपत आली आहे. अमेरिकेतली क्लिनिकल केमिस्ट्रीची (रक्त, लघवी यांच्या रासायनिक तपासण्यांचं शास्त्र) फेलोशिप माझ्यासारखीला मिळू शकते का? तिथं नेमकं काय शिकवतात? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : मिळू शकते. ही फेलोशिप पीएचडी आणि एमडी दोघांनाही खुली असते. ती साधारण २ वर्षांची आणि पगारी असते. कॉमॅक या, अशा प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलाच कार्यक्रम निवडा. तिथल्या क्लिया (लॅबसाठीचा केंद्रीय कायदा) नियमांनुसार गुंतागुंतीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबचा संचालक पीएचडीधारक असेल, तर त्याच्याकडे मान्य बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकन बोर्ड ऑफ क्लिनिकल केमिस्ट्री हे त्यातलंच एक. परत येणार असाल तर हेही लक्षात घ्या : या प्रमाणपत्रानं इथल्या अहवालांवर सही करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, त्याचे नियम वेगळे आहेत.

एका कार्यक्रमात सहसा एक-दोनच जागा असतात. कार्यक्रम व्हिसाची जबाबदारी घेतो का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. बीएस्सीपासूनच्या गुणपत्रिकांचं समकक्षता मूल्यांकन लागतं, तेव्हा विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टसाठी आजच अर्ज टाका.

आता शिकवण्याबद्दल. यंत्र चालवणं तंत्रज्ञ तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. फेलो हार्मोन, विषशास्त्र, औषधांची रक्तातली पातळी, मास स्पेक्ट्रोमेट्री अशा विभागांतून फिरतो आणि ऑन-कॉल असताना डॉक्टरांचे फोन घेतो : ‘हा आकडा पेशंटशी जुळत नाही, खरा धरू का?’ याचं उत्तर कारणासकट देता येणं, हेच खरं प्रशिक्षण.

दुसरं मोठं काम म्हणजे नवी पद्धत पडताळणं. त्याचा सराव इथल्या लॅबमध्येही परवानगी घेऊन करता येतो. कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा नमुना) ५ दिवस, रोज ५ वेळा चालवा आणि पुनरावृत्तीतला फरक काढा. मग पेशंटचे किमान ४० नमुने जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांवर लावा. त्यांत कमी, मध्यम, जास्त अशा सगळ्या पातळ्या हव्यात, सगळे नॉर्मल घेतलेत तर काहीच कळणार नाही. नवखे हमखास चुकतात ते इथं. सहसंबंध (दोन्ही यंत्रांचे आकडे किती सोबतीनं वाढतात-घटतात याचं माप) ०.९९ आला की पद्धत पास, असं ते समजतात. पण नवं यंत्र प्रत्येक नमुन्यात १० टक्के जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध जवळजवळ १ च येतो. म्हणून दोन आकड्यांतला फरक आलेखावर मांडा आणि तो कोणत्या पातळीवर वाढतो ते बघा. संदर्भ मर्यादेसाठी, म्हणजे अहवालावर छापायच्या नॉर्मल पट्ट्यासाठी, २० निरोगी व्यक्ती घ्या. दोनपेक्षा जास्त बाहेर गेल्या तर आणखी २० जणांवर पुन्हा तपासा, ती मर्यादा तशीच छापू नका. मुलाखतीत अशी एक फाईल तुमच्या हातात असली, तर तिचं वजन आणखी एका शोधनिबंधापेक्षा जास्त पडेल, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून एसटीनं येणाऱ्या नमुन्यांत पोटॅशियम वारंवार जास्त येतं. कंट्रोल तर बरोबर आहेत. (लॅबचालक, बीड)

उत्तर : मग दोष यंत्रात नसून वाटेत असण्याची शक्यता जास्त. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून अख्खं रक्त बर्फात ठेवतात, आणि तिथंच घोटाळा होतो. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप (पोटॅशियम पेशीच्या आत ओढणारी यंत्रणा) मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम (गुठळीवर उरणारा रक्तातला द्रव) मात्र लालसर होत नाही, त्यामुळे नजरेला काहीच दिसत नाही. सेंटरवरच नमुन्यातल्या रक्ताची गुठळी व्हायला ३० मिनिटं द्या, १० मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगानं फिरवणारं यंत्र) फिरवा आणि रक्त काढल्यापासून २ तासांच्या आत सीरम वेगळं करा. पाठवायचं ते सीरम. जेल ट्यूब (पेशी आणि सीरम यांच्यामध्ये जेलचा थर असलेली) पुन्हा फिरवू नका.

सीरम लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत. ते स्वच्छ असूनही पोटॅशियम जास्त आणि सोबत कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फेटेज (एक एन्झाइम) विचित्र कमी असेल, तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) मिसळलंय. सीरमची ट्यूब आधी भरा, जांभळी नंतर, आणि एकीतलं रक्त दुसरीत ओतू नका.

संशय आला की लगेच डॉक्टरांना फोन करून फेरनमुना मागा. आकडा दाबून ठेवू नका, मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये तो खराही असू शकतो.